बुजलेला टर्की परत हाकेला येतो का?

उचगावचा_पम्या

मंडळी, रामराम. प्रश्न इथल्या रानातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उगाच बोंब उठेल. मी मूळचा उचगावचा, सध्या नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियात. हॅरिसबर्गपासून तासाभरावर राहतो. चौफेर मका आणि मधेमधे ओकच्या टेकड्या. इथं मे महिन्यात रानटी टर्कीची शिकार चालते, रीतसर लायसन घेऊन. शेजारी एक म्हातारा आहे, आयुष्यभर दुधाचा धंदा केलेला, आता गोठा रिकामा. त्यानं मला या नादाला लावलं. कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन काढलं. (माझ्यासारख्या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीचं लायसन असेल तरच बंदूक जवळ बाळगता येते, हे इथं आल्यावर कळलं.) बंदूक त्याचीच, वीस गेजची, आणि रानही त्याचंच.

आता झालं काय ते ऐका. त्याच्या रानाच्या वरच्या अंगाला एक नर आहे. छातीवरची दाढी, म्हणजे केसांसारखा झुपका, चांगली वीतभर लोंबते. सीझनच्या पहिल्या शनिवारी पहाटे पावणेपाचला मी अंधारात टेकडी चढत होतो. ‘पाखरं झोपतात त्या झाडाच्या दीडशे पावलं अलीकडं थांब,’ असं म्हाताऱ्यानं बजावलं होतं. मला अंधारात अंदाजच आला नाही. कपाळाला बॅटरी, पायाखाली वाळकी काटकी, आणि एकदम डोक्यावर धडाधडा पंख. ओली गोणपाटं झटकावीत तसा आवाज. तीन-चार पाखरं उठून ओढ्यापलीकडं गेली. मी घाबरून खाली बसलो, मग उठून घरी आलो.

मंगळवारी रजा टाकून परत गेलो. बांधावरच्या मोठ्या ओकला पाठ टेकून म्हाताऱ्याच्या लाकडी पेटीवर (बाजाची पेटी नव्हे, झाकण घासून टर्कीचा आवाज काढायची हातातली डबी) मादीचा आवाज काढला. साडेसहाला उत्तर आलं, पावणेसातला स्वारी दिसली. मक्याच्या खुंटांतून, पिसारा फुलवून, डोकं पांढरंफट. पन्नासेक यार्ड असेल. अजून पंधरा पावलं आला असता तर काम झालं होतं. तेवढ्यात मानेवर गोचीड चढतोय असं वाटलं आणि हात गेला. नुसता हात हो, कानापर्यंत! ‘पुट्’ असा एकच आवाज, पिसारा मिटला, मान काठीसारखी ताठ, आणि गडी चालत झाडीत गेला. पळालासुद्धा नाही. त्याचाच जास्त अपमान वाटला.

त्यानंतर गुरुवारी गेलो, शुक्रवारी गेलो, काल शनिवारी गेलो. त्याच झाडाखाली बसून पेटी वाजवली. सगळं रान मुकं. सीझन या महिनाअखेरपर्यंत आहे. रान सोडून गेला असेल का तो? पेटी वाजवत राहू, का जागा बदलू? म्हाताऱ्याला विचारलं तर तो नुसता ‘टाइम’ म्हणतो आणि तंबाखू थुंकतो.

शाहूपुरीतला_गण्या

भावा, आधी हे सांग, तांबडा करणार का पांढरा?

थट्टा राहू दे, एक खरी गोष्ट सांगतो. आमच्या मावसभावानं कागलकडच्या मळ्यात टर्की पाळलेत. घरचेच ते, रानटी नव्हेत. गेल्या वर्षी त्यातला मोठा नर कुंपणावरून उडून शेजारच्या उसात शिरला. आम्ही सहा जण पोती आणि काठ्या घेऊन मागं. ऊस डोक्याच्या वर, आत पाचट, पाय टाकला की करकर वाजतंय. आम्ही एका सरीत, तर तो पुढच्या चौथ्या सरीत. दोन तासांत आमचे हात उसाच्या पानांनी चिरले आणि पाखरू फडाच्या पार त्या टोकाला. शेवटी मावशी बांधावर आली. म्हणाली, ‘मुडद्यांनो, हाकलताय का धरताय?’ एक मादी आणून डालग्याखाली झाकून बांधावर ठेवली आणि आम्हाला सगळ्यांना चहाला घरी घेऊन गेली. दुपारी बारा वाजता हा बहाद्दर डालग्याभोवती पिसारा फुलवून फेऱ्या मारत होता.

तुझा रानटी आहे, मला त्यातलं काय कळत नाही. पण सहा दिवसांत तू चार वेळा त्याच झाडाखाली जाऊन बसलास, म्हणजे आमच्यासारखंच पाचट तुडवलंस की रं.

पन्हाळवारा

असल्या गप्पा इथं कशाला? आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे. हे वाचून उद्या कुणी पोरगं गलोल घेऊन उसातल्या मोरांच्या मागं लागेल. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेली जनावरं कमी आहेत का? पाखरू बुजलं तर बुजू दे, जगेल तरी.

दाजीपूरचा_वाटाड्या

पन्हाळवारा यांचं म्हणणं आपल्या रानापुरतं शंभर टक्के खरं आहे, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे. मी एकही पाखरू मारलेलं नाही, मारणारही नाही. पण बुजलेल्या पाखराची वाट बघत बसण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातले दोन उन्हाळे पम्यांच्याच पेनसिल्व्हेनियात, थोरल्या मुलीकडं. म्हणून लिहितोय.

आधी आपल्याकडची गोष्ट. नोकरी साखर कारखान्यात, शेती खात्यात. हंगाम नसला की रविवारी राजदूत काढायची आणि राधानगरीचा रस्ता धरायचा. दाजीपूरच्या अलीकडं एका मित्राची नाचणीची खाचरं आहेत, त्याच्या कडेला करवंदीच्या जाळ्या. तिथं राखी रानकोंबडा यायचा. मानेवर मेणाचे ठिपके सांडल्यासारखी पिसं, बघत राहावं असं पाखरू. कारवीच्या काटक्या आणि जुनी पोती बांधून मी आडोसा केला, कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं. आठ दिवस तो पावणेसातच्या सुमारास समोरच्या पाचोळ्यात उकरायला यायचा. नवव्या दिवशी मला चहाची तल्लफ आली. थर्मासचं झाकण फिरवलं, टक् झालं, आणि पाखरू जाळीत गडप.

मग मी काय केलं? तुम्ही केलंत तेच. चार सुट्ट्या त्याच आडोशात, त्याच भोकाला डोळा लावून बसलो. काही नाही. पाचव्या खेपेला वैतागून आडोशात गेलोच नाही. चाळीस पावलांवर बांधाला टेकून, उघड्यावर, गप बसलो. सव्वानऊला तो आला. तोच पाचोळा, तीच जाळी. फक्त भोकातून जी बाजू दिसत नव्हती त्या बाजूला उकरत होता. चार सुट्ट्या तो तिथंच येत असणार. माझ्या भोकासमोर यायचं तेवढं त्यानं बंद केलं होतं.

आता तुमचा टर्की. तो नेमका कशाला बुजला हे आधी सुटं करून बघा. शनिवारी पहाटे तो झाडावर होता. अंधारात टर्कीला नीट दिसत नाही, दिवसाचं पाखरू ते. खाली काहीतरी आलं म्हणून उडाला. काय आलं ते त्याला कळलं नाही. हे नुकसान सगळ्यांत हलकं. उलट तशा वेळी नर आणि माद्या अंधारात चार दिशांना फुटतात आणि उजाडल्यावर नर त्यांना शोधत ओरडत फिरतो. तुम्ही तिथंच तासभर गप बसून राहिला असतात तर कदाचित त्याच दिवशी गाठ पडली असती. तुम्ही घरी गेलात.

मंगळवारची गोष्ट वेगळी. त्या दिवशी त्यानं हात बघितला. त्या ओकपाशी, त्या पेटीचा आवाज संपल्यावर. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न फिरवता त्याला पाऊण वर्तुळ दिसतं, आणि रंग आपल्यापेक्षा बारकाईनं कळतात. नाक मात्र जवळजवळ निकामी. म्हणून वास कुठं जातोय याची चिंता हरणाच्या शिकाऱ्यानं करावी, तुम्ही हाताची करा. त्याच्या डोक्यात काय चालतं ते मला सांगता येणार नाही, पण तो ओक आणि ती पेटी दोन्ही आता बाटली असं धरून चाला. आणि तो चालत गेला याचा अपमान कसला वाटून घेताय? चालत गेलेल्या पाखराला नुसता संशय आलेला असतो. उडून टेकडीपार झाला असता तर मी वेगळं लिहिलं असतं.

रान सोडून तो गेलेला नाही. त्याचं चारापाणी तिथं, माद्या तिथं. मग मुका का? सगळा दोष स्वतःकडं घेऊ नका. माद्या सोबत असल्या की पहाटे झाडावरून उतरल्यावर त्याला ओरडायचं कारणच नसतं. घरच्या कोंबडीवरून हिशेब करा. मादी दिवसाला एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते. त्या दिवसांत ती सकाळी नराबरोबर चरते आणि मग हळूच घरट्याकडं सटकते. अंडी पुरी झाली की खुडूक बसते, अठ्ठावीस दिवस. म्हणजे मे जसा पुढं सरकेल तशा एकेक माद्या कमी होत जाणार, आणि साडेनऊ-दहाला हा गडी रानात एकटा हिंडणार. तुम्ही नऊला लॉगिन करता आणि तो साडेनऊला मोकळा होतो, एवढीच तुमची चुकामूक. तुमच्या राज्यात पहिले दोन आठवडे दुपारी बारापर्यंतच परवानगी असते, नंतर संध्याकाळपर्यंत. शनिवारी बारापर्यंत बसा.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. दोन दिवस त्या टेकडीवर पाऊल नाही. एका संध्याकाळी, दिवस मावळताना, खालच्या रस्त्यावर उभं राहून घुबडाचा आवाज काढायचा. तिकडचं ते पट्ट्यापट्ट्यांचं घुबड आठ हुंकारांत ओरडतं, तुमच्या म्हाताऱ्याला नक्की येत असेल. झाडावर चढलेला नर तो ऐकून राहवत नाही म्हणून ओरडतो. कधी मोटारीचं दार आपटलं तरी ओरडतो. झाड कळलं की बास. पहाटे बॅटरी न लावता दुसऱ्या बाजूनं यायचं, आणि तुमच्यात न् त्याच्यात ओढा किंवा तारेचं कुंपण राहील अशी जागा घ्यायची नाही. तिथं येऊन तो अडून बसतो आणि पलीकडूनच मिरवत राहतो. बसायचं त्याच्या बरोबरीच्या किंवा वरच्या उंचीवर, खांद्यापेक्षा रुंद बुंध्याला टेकून.

पेटी घरी ठेवा. म्हाताऱ्याकडं पाटीचा कॉल असेल, गोल पाटीवर काडी घासायचा. त्यावर दोन-तीन मऊ आवाज, तेही कुजबुजल्यासारखे. मग हातानं पाचोळा उकरा. परड्यात कोंबडी कशी उकरते, खर्र-खर्र, जरा थांबून पुन्हा खर्र, तसं. आणि मग गप. तो ओरडला तरी प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं नाही. त्यांची रीत अशी की नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडं जाते. तुम्ही त्याला उलटं करायला सांगताय, म्हणजे आधीच संशयाचं काम. त्यात तुम्ही अधीरपणे हाका मारत सुटलात तर झालंच.

एकदा बुजलेला नर बहुतेक न ओरडता येतो. म्हणून कानावर भरवसा ठेवून उठू नका. जवळ असला तर एक खालच्या पट्टीतला ‘घूंऽऽ’ ऐकू येतो, ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवतो. सगळ्यांत जास्त पाखरं माणूस कंटाळून उठतो त्या क्षणाला बुजतात. मी डझनभर तरी अशीच घालवली आहेत. बंदूक आधीपासून गुडघ्यावर ठेवा. हलायचं ते त्याचं डोकं बुंध्याआड गेल्यावर, नाहीतर तो पिसारा फुलवून पाठमोरा झाल्यावर. पिसाऱ्याच्या पडद्यामागून त्याला दिसत नाही.

आणि एक गोष्ट, पाखरापेक्षा महत्त्वाची. तुमच्याकडं वसंतातल्या सीझनला बसून बोलवायचं असतं, आवाजाच्या मागावर दबकत जायला कायद्यानं मनाई आहे. ते बरंच आहे. झुडपामागून ओरडतोय तो टर्की असेल, नाहीतर तुमच्यासारखाच लाकडी पेटी घेऊन बसलेला माणूस. लाल, पांढरा, निळा कपडा अंगावर नको, खिशातला रुमालसुद्धा नको. नराच्या डोक्याचे तेच रंग. मुलीचा शेजारी मला पहिल्यांदा रानात घेऊन गेला तेव्हा माझ्या डोक्यावर सवयीनं गांधी टोपी होती. त्यानं काही न बोलता ती काढली, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मला राग आला. तासाभरानं मक्याच्या पल्याड नर उभा राहिला आणि झाडीतून त्याचं नुसतं डोकं दिसलं, हुबेहूब टोपीसारखं पांढरं. मग राग गेला. १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहाकडं टर्की नेला होता, मन्सूर चित्रकारानं त्याचं चित्र काढलं आहे. बादशहानं स्वतः नोंद केली आहे की हे डोकं कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, कधी फिरोजी होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे दिसलं ते मला टोपी जाईपर्यंत दिसलं नाही.

मिझुरीची_सून

काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावावा असा आहे. तरी एका मुद्द्यावर माझं जमत नाही. मी गारगोटीची, गेली अकरा वर्षं मिझुरीत. नवऱ्याला बंदुकीचा आवाज सोसत नाही, शिकारीला मीच जाते. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

दोन दिवस रान सोडा म्हणतात, ते काका रिटायर आहेत म्हणून. आमच्याकडं सीझन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि तीन आठवड्यांत संपतो. चालत गेलेल्या नराला मी दोन दिवस देत नाही. दीड-दोन तास देते, लांबून वळसा घालून त्याच्या जाण्याच्या दिशेला जाऊन बसते आणि वेगळा कॉल काढते. तीन वर्षांपूर्वी सकाळी सातला माझ्या पिशवीची चेन वाजली म्हणून एक नर बुजला. त्यालाच मी पावणेनऊला टेकडीच्या दुसऱ्या अंगाला बोलावलं. तोच कशावरून? डाव्या बाजूची दोन शेपटीची पिसं तुटलेली होती. त्याला पहिल्या ठिकाणी ‘मादी’ संशयास्पद वाटली असेल, दुसऱ्या ठिकाणची मादी त्याच्या लेखी वेगळी.

बार चुकला असेल तर मात्र आठवडाभर त्या पाखराचं नाव घेऊ नये. हेही स्वानुभवानं. माझा अंदाज चाळीस यार्डांचा होता, नंतर पावलं मोजली तर बावन्न निघाली. मोकळ्या रानात अंतर नेहमी कमी वाटतं. तेव्हापासून बसल्याबसल्या आधी पस्तीस पावलांवर एक काटकी रोवून येते. काटकीच्या अलीकडं आला तरच. पम्या, तू पन्नासवर मोह आवरलास हे बरं केलंस, जखमी होऊन गेला असता तर आत्तापेक्षा जास्त झोप उडाली असती.

गंमत म्हणजे शरदात आम्ही हेच उलटं करतो, मुद्दाम बुजवतो. ऑक्टोबरात मादी आणि तिची मोठी झालेली पिल्लं कळपानं असतात. कळपात घुसून त्यांना चारी दिशांना उधळायचं आणि जिथं फुटली तिथंच दडून बसायचं. घार झेपावून गेली की अंगणातली पिल्लं कशी एकेक करून ‘ची-ची’ करत परत जमतात, अगदी तसं. अर्ध्या तासात ‘की-की’ सुरू होतं. पण सगळा कळप एकाच दिशेला उडाला तर उपयोग नाही, ती तिकडंच एकत्र राहतात. शनिवारी तुझी तीन-चार पाखरं सगळी ओढ्यापलीकडं गेली म्हणतोस, म्हणून मला काकांच्या ‘तिथंच बसायला हवं होतं’ची तेवढी खात्री नाही.

गोचिडासाठी कपड्यांवर पर्मेथ्रिन मार, आदल्या दिवशी, आणि पूर्ण वाळू दे. अंगावर नाही, फक्त कपड्यांवर. हातमोजे आणि तोंडावर जाळी. मानेवर काही चढलं तरी चढू दे, घरी जाऊन काढ.

पन्हाळवारा, तुमची तळमळ समजते. पण इथला इतिहास थोडा वेगळा आहे. शंभर वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीनं आणि जंगलतोडीनं हे पाखरू बऱ्याच राज्यांतून संपलं होतं. पोल्ट्रीत वाढवलेले सोडून बघितले, ते रानात टिकले नाहीत. मग राहिलेल्या रानटी पाखरांवर तोफेनं जाळी उडवून ती धरली, खोक्यांत घालून दुसऱ्या रानांत सोडली, आणि ती वाढली. मिझुरीत वसंतातली शिकार १९६० मध्ये परत सुरू झाली ती त्यानंतर. बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्यानं मुख्यतः वन्यजीवांवर खर्च होतो. मी भरते तो. आपल्याकडं हे लागू करा असं मी म्हणत नाही. गारगोटीला गेले की मीसुद्धा मोर नुसता बघतेच.

पन्हाळवारा

तोफेनं जाळी हे माहीत नव्हतं. बाकी माझं मत तेच. काका, रानकोंबड्याचे फोटो असतील तर वेगळा धागा काढा.

दाजीपूरचा_वाटाड्या

सूनबाई, पाखरं एकाच बाजूला गेली हे माझ्या वाचनातून निसटलं. तुमचं बरोबर. दोन दिवसांचं मात्र मी मागं घेत नाही, पम्यांना अजून वळसा घालता येत नाही. अंधारात दीडशे पावलं मोजायला चुकणारा माणूस वळसा घालायला गेला तर तिसऱ्यांदा बुजवून येईल.

उचगावचा_पम्या

काका, ताई, गण्या, सगळ्यांना आधी दंडवत. कालच्या शनिवारचा वृत्तांत.

सोमवारपासून टेकडीवर गेलो नाही. बुधवारी संध्याकाळी म्हाताऱ्याला घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. त्यानं तोंडाभोवती हात धरून असं काही घुबड काढलं की माझ्याच अंगावर काटा आला. दुसऱ्या हाकेला वरून आवाज आला! ओढ्याच्या अलीकडंच, जुन्या झाडापासून फार तर दोनशे यार्ड. म्हणजे काका म्हणाले तसा तो गेलाच नव्हता. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून परत ‘टाइम’ म्हटलं.

शनिवारी बॅटरी न लावता, पावलं मोजत गेलो. पस्तीसवर काटकी रोवली. पहाटे तो झाडावर दोनदा ओरडला, माद्यांचे आवाज आले, सगळी मंडळी खाली उतरून मक्याकडं निघून गेली. आठला एकदा पाचोळा उकरला. नऊला पाटीवर दोन आवाज. पाय मुंग्यांनी भरला, पाठीखाली एक मूळ टोचत होतं ते आता आयुष्यभर लक्षात राहील. दहा वाजता उठायचा विचार पक्का केला होता, काकांची थर्मासची गोष्ट आठवली म्हणून अजून वीस मिनिटं बसलो.

दहा वीसला तो ‘घूंऽऽ’ आला. काका, खरंच छातीत जाणवतो. पण आला उजवीकडून, माझ्या खांद्याच्या मागून. मी बघत होतो डावीकडं, मक्याकडं. डोळे ताणून तिरपं बघितलं तर बारा-पंधरा पावलांवर पाचोळ्यात उभा. ऊन पडलं होतं, पिसं तांब्याच्या घागरीसारखी चमकत होती. पायांवरचे टोकदार काटे दिसले, दाढीचं टोक झिजून तांबूस झालेलं दिसलं. वळायला काही वाव नव्हता. पापणी हलवायची भीती. माझ्या बुटापासून हाताच्या अंतरावर मघाशी मीच उकरलेला पाचोळा होता, तो त्याला फार वेळ निरखत होता. पाच मिनिटं असेल, मला तासभर वाटली. मग दोन-चार पावलं चालला, काहीतरी टिपलं, आणि मादी सापडत नाही म्हणून वरच्या अंगाला निघून गेला. पुट् नाही, मान ताठ नाही. बुजला नाही!

अजून पुढचा शनिवार आहे, आणि आता संध्याकाळीपण परवानगी आहे. प्रश्न एवढाच: उजवीकडून आला तर करायचं काय? मी उजव्या हाताचा.

दाजीपूरचा_वाटाड्या

काही करायचं नाही, तुम्ही केलंत तेच. बसतानाची चूक आहे ती. उजव्या हाताचा माणूस बंदूक डावीकडं लांबपर्यंत फिरवू शकतो, उजवीकडं थोडीच. पुढच्या वेळी वरच्या अंगाकडं, म्हणजे तो गेला त्या वाटेकडं, डावा खांदा करून बसा. आणि बसण्याआधी पाठीखालचं मूळ बघून घ्या.

शाहूपुरीतला_गण्या

पंधरा पावलं!! मावशीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, डालगं पाठवू का.